‘लहान मागणी फसत नाही’ : लिनक्स कर्नलमधील एका अलिखित नियमाची चिकित्सा

प्रस्तावना

ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जात असे. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. सीबीडी बेलापूरला भारतीय स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे आणि खारघर स्थानकासमोर सी-डॅकचे. जगभरातील डेटा सेंटरप्रमाणे येथेही लिनक्स ही नित्याची कार्यप्रणाली आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा रोजगार या सर्व्हरच्या देखभालीशी जोडलेला असतो. या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक शिस्त लावली जाते : मेमरी मागितली की ती मिळाली की नाही हे तपासावे, न तपासणारा प्रोग्रॅम अपूर्ण समजावा. परीक्षेत त्यासाठी गुण कापले जातात. मात्र ज्या कर्नलवर त्याचा प्रोग्रॅम चालतो, त्या कर्नलमध्ये ही तपासणी अनेक वर्षे बहुतांशी औपचारिक राहिली आहे, हे त्याला सहसा सांगितले जात नाही.

प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या फाइल सिस्टीम विभागात मेमरी-वाटप अयशस्वी झाल्यास काय केले जाते, काय करायला हवे आणि या दोहोंत अंतर का पडले, याची चिकित्सा केली आहे. कर्नलचा कोड हीदेखील एक संहिताच आहे. तिला लेखक आहेत, परंपरा आहे, टीकाकार आहेत आणि तिच्यात लिहिलेले व पाळले जाणारे यांत तफावतही आहे. म्हणून तिच्याकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

नियम कसा घडला

सामान्य प्रोग्रॅमची मेमरी गरज पडल्यास डिस्कवर ढकलता येते. लिनक्स कर्नलची स्वतःची मेमरी तशी ढकलता येत नाही. कर्नलला मेमरी हवी असेल तर ती प्रत्यक्ष रॅममधूनच मिळाली पाहिजे. मागणी करताना कर्नलचा कोड सोबत काही खुणा देतो. ‘जीएफपी कर्नल’ या खुणेचा अर्थ असा की मागणारा थांबू शकतो; त्याच्यासाठी जुनी पाने मोकळी करा, डिस्कवर लिहा, हवे ते करा. ‘जीएफपी अॅटॉमिक’ म्हणजे मागणारा थांबू शकत नाही. असेल तर द्या, नाहीतर नाही म्हणा. या दोहोंच्या मध्ये फाइल सिस्टीमसाठी ‘जीएफपी नोएफएस’ ही खूण आहे. तिचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही.

मेमरी मोकळी करण्याचा एक मार्ग म्हणजे बदललेली पाने डिस्कवर लिहून टाकणे. ते काम फाइल सिस्टीमच करते. आता फाइल सिस्टीमनेच एखादे लॉक हातात धरून मेमरी मागितली आणि मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल पुन्हा फाइल सिस्टीमकडेच आला, तर तो त्याच लॉकपाशी अडकेल. घरमालकाने आतून कडी लावून किल्लीवाल्याला बोलवावे आणि किल्लीवाला दाराशी उभा राहावा, तसा हा प्रकार आहे. ‘नोएफएस’ ही खूण कर्नलला एवढेच सांगते की मेमरी शोध, पण माझ्याकडे परत येऊ नकोस. अर्थात त्यामुळे मेमरी शोधण्याचे मार्गही तितकेच कमी होतात.

वाटप पानांच्या गटांत होते. एक पान, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या श्रेणी असतात. तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या, म्हणजे आठ पानांपर्यंतच्या मागण्या कर्नल ‘महाग’ मानत नाही. इंटेल पद्धतीच्या यंत्रावर पान ४ किलोबाइटचे असते, तेव्हा ही मर्यादा ३२ किलोबाइट होते. ६४ किलोबाइटचे पान वापरणाऱ्या यंत्रावर हीच ‘लहान’ मागणी ५१२ किलोबाइटची असू शकते. लहान या शब्दाचा अर्थ यंत्रागणिक सोळापट बदलतो, ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. फाइल सिस्टीमच्या जवळजवळ सर्व मागण्या या मर्यादेच्या आत बसतात. अशा मागणीसाठी मेमरी नसली तर अलोकेटर ‘नाही’ असे उत्तर देण्याऐवजी पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतो. त्यातूनही काही निघाले नाही तर एखादी प्रक्रिया मारून तिची मेमरी घेतो. त्या यंत्रणेला ‘ओओएम किलर’ म्हणतात. ‘नोएफएस’ मागणीसाठी मात्र, शोधाचे मार्ग आधीच तोकडे असल्याने, कोणाला मारण्याची घाई करू नये असा संकेत होता; ती मागणी दुसरे कोणी मेमरी मोकळी करील या आशेवर फिरत राही.

हा नियम कोणी ठराव करून केलेला नव्हता. अलोकेटरच्या कोडमधील वळणांतून तो घडत गेला आणि मेमरी विभागाच्या विकसकांना तो ठाऊक होता. फाइल सिस्टीमच्या विकसकांना मात्र वेगळेच सांगितले जात होते : मागणी फसू शकते, तपासा, आणि न फसणारी मागणी करणारी ‘नोफेल’ ही खूण वापरू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीतही त्या खुणेबद्दल हाच कडक सल्ला आहे. एकाच संहितेच्या दोन प्रकरणांत दोन परस्परविरोधी करार होते आणि दोन्ही प्रकरणांचे लेखक आपलाच करार खरा मानत होते.

बाख यांची कसोटी

या गोंधळाचे मूल्यमापन करताना मॉरिस बाख यांचा १९८६ चा युनिक्सच्या रचनेवरील ग्रंथ पुन्हा उघडण्यासारखा आहे. भारतातील संगणक अभ्यासक्रमांत हा ग्रंथ दीर्घकाळ वाचला गेला. त्यातील बफर वाटपाच्या पाच प्रसंगांवरचा प्रश्न विद्यार्थी पाठ करून जात. पाठांतरात हरवते ती त्यातली एक बारीक तुलना. बफरची मोकळी यादी रिकामी असेल तर प्रक्रिया झोपते आणि बफर मोकळा होण्याची वाट पाहते. आयनोडची मोकळी यादी रिकामी असेल तर मात्र प्रक्रिया झोपत नाही, तिला चूक परत मिळते. दोन्ही ठिकाणी साधन संपलेलेच आहे. मग वागणूक वेगळी का?

बाख यांचे कारण असे की बफर एका सिस्टीम कॉलच्या पलीकडे कोणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तो लवकरच मोकळा होणार याची हमी कर्नल स्वतः देऊ शकतो. आयनोड मात्र वापरणाऱ्याने फाइल उघडी ठेवली तोवर अडकलेला असतो. तो कधी सुटेल हे कर्नलच्या हाती नाही. ज्याची हमी देता येत नाही त्याची वाट पाहत कोणाला झोपवू नये.

ही कसोटी मागणीच्या आकाराबद्दल काहीच बोलत नाही. साधन कोण सोडणार, आणि तो सोडणारा आपल्याचमुळे तर अडलेला नाही ना, एवढेच ती विचारते. लिनक्सच्या अलिखित नियमाने या प्रश्नाच्या जागी आकाराचा प्रश्न ठेवला. तसे करण्यामागे व्यवहारज्ञान होते हे मान्य करावे लागेल. जिथे अब्जावधी बाइट रॅम आहे तिथे चार पाने कधीतरी मिळतीलच, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. परंतु वाट पाहणाऱ्याच्या हातात लॉक असेल तर अंदाजाचा पाया निखळतो, आणि फाइल सिस्टीमच्या हातात लॉक असणे हीच नित्याची स्थिती आहे.

२०१४ चा पेच

डिसेंबर २०१४ मध्ये हा अंतर्विरोध उघड झाला. जपानी विकसक तेत्सुओ हांदा यांनी मेमरी संपण्याच्या प्रसंगांची चाचणी घेताना एक्सएफएस या फाइल सिस्टीमवर यंत्र कायमचे अडकते असे दाखविले. प्रसंग असा : एक प्रक्रिया लॉक धरून लहान मागणी करते. मेमरी नाही, म्हणून अलोकेटर फिरत राहतो. ओओएम किलर दुसरी प्रक्रिया मारण्यासाठी निवडतो. ती दुसरी प्रक्रिया नेमकी पहिलीने धरलेल्या लॉकची वाट पाहत झोपलेली असते, आणि तीही अशा झोपेत की मारण्याचा संदेशही तिला उठवू शकत नाही. ती मरत नाही म्हणून मेमरी सुटत नाही. मेमरी सुटत नाही म्हणून पहिली लॉक सोडत नाही. एक बळी निवडलेला असताना दुसरा निवडायचा नाही असा नियम असल्याने ओओएम किलरही स्वस्थ बसतो.

डेडलॉकच्या चार अटी विद्यार्थ्यांना १९७१ च्या कॉफमन व सहकाऱ्यांच्या लेखाच्या आधारे शिकविल्या जातात. येथे चारही अटी पूर्ण होतात. फरक एवढाच की त्यांतील एक साधन, म्हणजे मेमरी, लॉकच्या नोंदीत कुठेही दिसत नाही. लॉकचा क्रम तपासणाऱ्या साधनांना ही साखळी सहजासहजी सापडत नाही ती त्यामुळेच.

या चर्चेत एक्सएफएसचे प्रमुख विकसक डेव्ह चिनर यांना मेमरी विभागाचे मिखाल होको यांच्याकडून कळले की लहान मागण्या व्यवहारात फसतच नाहीत. चिनर यांची प्रतिक्रिया तीव्र होती, आणि ती रास्तही होती. एक्सएफएसच्या कोडमध्ये स्वतःचे एक चक्र होते. मागणी फसली की पुन्हा मागायची आणि शंभर प्रयत्नांनंतर डेडलॉकची शक्यता असल्याचा इशारा नोंदवायचा. इशाऱ्यामुळे निदान प्रशासकाला काय चालले आहे ते कळावे, हा हेतू. पण अलोकेटरच आत फिरत राहिल्यावर बाहेरच्या चक्रापर्यंत उत्तर पोचणार कसे? जोनाथन कॉर्बेट यांनी त्याच महिन्यात एलडब्ल्यूएन या नियतकालिकात या प्रकरणावर लिहिले आणि ‘फसण्याइतकी मोठी नसलेली’ मागणी हे या नियमाचे स्वरूप सर्वांसमोर आले.

न तपासलेल्या वाटा

मग नियमच काढून टाकावा, असे कोणालाही वाटेल. योगायोगाने तो प्रयोगही घडला, तोही अजाणता. कर्नलच्या ३.१९ आवृत्तीसाठी योहानेस वाइनर यांनी अलोकेटरच्या कोडची साफसफाई केली. त्या बदलात ‘नोएफएस’ मागण्यांचे फिरत राहणे नकळत थांबले आणि त्या खरोखर फसू लागल्या. आवृत्ती फेब्रुवारी २०१५ मध्ये आली. लवकरच फाइल सिस्टीमकडून तक्रारी आल्या, आणि ४.० आवृत्तीच्या तयारीत तो बदल मागे घेण्यात आला. साफसफाईच्या बदलाने वागणूक बदलायला नको होती, एवढेच कारण तेथे नोंदवले आहे.

या प्रसंगाकडे किरकोळ चूक म्हणून पाहणे योग्य नाही. अनेक वर्षे लिहून ठेवलेला ‘मेमरी मिळाली नाही तर’ हा कोड पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर चालला आणि तो भरवशाचा नाही असे आढळले. जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये याचे परिणाम गंभीर असतात. एक्स्ट ४ किंवा एक्सएफएस एखादा बदल व्यवहाराच्या रूपाने करते : सर्व पायऱ्या पूर्ण, नाहीतर एकही नाही. व्यवहाराच्या आरंभी मेमरी मिळाली नाही तर चूक परत देऊन मोकळे होता येते. मध्यावर, काही रचना बदलून झाल्यावर ती मिळाली नाही तर मागे फिरण्याची वाटच नसते. तेव्हा फाइल सिस्टीम स्वतःला बंद करून घेते किंवा केवळ वाचनयोग्य होते. आठ पाने मिळाली नाहीत म्हणून शेकडो गिगाबाइटचा खंड लिखाणासाठी बंद व्हावा, हे प्रमाण विसंगत आहे.

येथे एक दुष्टचक्र दिसते. नियम आहे म्हणून अपयशाच्या वाटा कधी चालत नाहीत. चालत नाहीत म्हणून त्यांतील दोष उघड होत नाहीत. दोष आहेत म्हणून नियम काढण्याची छाती होत नाही. अपयश मुद्दाम घडवून पाहण्याची सोय कर्नलमध्ये २००७ च्या २.६.२० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. उणीव साधनाची नसून ते वापरण्याच्या सवयीची आहे, असे म्हणणे भाग आहे.

‘नोफेल’ खुणेचा प्रवासही याच संदर्भात पाहावा लागतो. ती २००३ च्या सुमारास अँड्र्यू मॉर्टन यांच्या पुढाकाराने आली. निरनिराळ्या ठिकाणी हाताने लिहिलेली ‘मिळेपर्यंत माग’ ही चक्रे एका जागी आणावीत, म्हणजे ती निदान मोजता येतील, हा विचार तिच्यामागे होता. पुढे ती खूण काढून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा एक्स्ट ४ च्या जर्नलने ती सोडून पुन्हा हाताने चक्र लिहिले. खूण गेली, वागणूक तीच राहिली आणि अलोकेटरला मात्र ती दिसेनाशी झाली. २०१५ मध्ये होको यांनी जर्नलमधील ते चक्र काढून पुन्हा ‘नोफेल’ आणली. जे अपरिहार्य आहे ते उघडपणे लिहावे, ही भूमिका सैद्धांतिकदृष्ट्या फारशी देखणी नसेल, पण ती प्रामाणिक आहे. खूण दिसली की अलोकेटर अशा मागणीसाठी राखीव साठ्याला हात घालू शकतो. लपवलेल्या चक्रासाठी तो काहीच करू शकत नाही.

राखीव साठ्याचा विचार

या समस्येवर विद्यापीठीय संशोधनही झाले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्वामिनाथन सुंदररामन, अँड्रिया व रेम्झी अर्पाची-दुसो आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या फास्ट परिषदेत ‘पूर्वानुमानित मेमरी-वाटप’ मांडले. सिस्टीम कॉलच्या दारातच पुढे किती मेमरी लागेल याचा अंदाज कोडच्या विश्लेषणातून काढायचा, ती सर्व तेथेच घ्यायची आणि न मिळाल्यास काहीही न बदलता परत फिरायचे. अपयश आलेच तर ते उंबरठ्यावर येईल, माजघरात नाही. या लेखकांनी मेमरी-अपयश मुद्दाम घडवून लिनक्सच्या फाइल सिस्टीमची परीक्षा घेतली आणि त्या ते नीट हाताळत नाहीत असे दाखविले, म्हणजे हांदा यांच्या तीन वर्षे आधी. मात्र त्यांचा प्रयोग एक्स्ट २ या जर्नल नसलेल्या, तुलनेने सोप्या फाइल सिस्टीमवर होता. कमाल गरजेचा अंदाज धरल्याने जास्त मेमरी अडकते, ही अडचण त्यांनी स्वतःच ओळखून तीवर उपाय योजले होते. मुख्य कर्नलने ती पद्धत स्वीकारली नाही.

चिनर यांची २०१५ ची सूचना याच घराण्यातली आहे. एक्सएफएस व्यवहार सुरू करण्यापूर्वी जर्नलमध्ये कमाल किती जागा लागेल ते आधीच राखून ठेवते. तसेच मेमरीचे करावे. डाइक्स्ट्रा यांच्या बँकरच्या पद्धतीशी या विचाराचे नाते स्पष्ट आहे, आणि ती पद्धत पाठ्यपुस्तकात ‘व्यवहारात फारशी वापरली जात नाही’ या शेऱ्यासह शिकविली जाते. आक्षेपही तेव्हाच आले : जर्नलची जागा काटेकोर मोजता येते, परंतु एका व्यवहारात किती पाने वाचावी लागतील हे डिस्कवरील झाडाच्या उंचीवर अवलंबून असते. आक्षेपात तथ्य आहे, पण तो निर्णायक नाही. बाख यांच्या कसोटीला उतरण्यासाठी साठा अचूक असण्याची गरज नाही. लॉक धरणारा कधीतरी पुढे सरकेल एवढी हमी पुरेशी आहे. ब्लॉक विभागात ‘मेमपूल’ ही व्यवस्था नेमके हेच करते. थोड्या वस्तू बाजूला ठेवलेल्या असतात, त्या वापरणारे काम पूर्ण होताच परत येतात, आणि म्हणून वाट पाहणे सुरक्षित ठरते. बफरच्या बाबतीत बाख यांनी दिलेली हमी ती हीच.

प्रत्यक्षात कर्नलने राखीव साठ्याची संपूर्ण योजना न स्वीकारता दोन लहान सुधारणा केल्या. २०१६ च्या ४.६ आवृत्तीत ‘ओओएम रीपर’ आला : निवडलेला बळी मरत नसला तरी त्याची मेमरी बाहेरून काढून घेतली जाते. हांदा यांनी दाखविलेली साखळी यामुळे बहुतेक प्रसंगी तुटते. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत ‘नोएफएस’ ही खूण मागणीवर न लावता कोडच्या एका टप्प्यावर लावण्याची सोय झाली, म्हणजे कोणत्या टप्प्यात परत येणे धोक्याचे आहे हे एकदाच आणि कारणासह सांगता येते. दोन्ही सुधारणा उपयुक्त आहेत. परंतु पहिली फसलेल्या वाटपानंतरची मलमपट्टी आहे, आणि दुसरी धोक्याच्या जागा दाखवते, धोका दूर करीत नाही.

दस्तऐवजाची भाषा

कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात पुढे या नियमाची नोंद झाली. तेथील आशय असा की साध्या मागण्या सहसा फसत नाहीत. तथापि याची हमी नाही, म्हणून मागणाऱ्याने अपयश तपासलेच पाहिजे. ओओएम किलरने निवडलेल्या प्रक्रियेची मागणी फसू शकते, असे उदाहरणही दिले आहे. अलिखित ते लिखित झाले, ही प्रगतीच म्हणावी लागेल. मात्र ‘फसत नाही, पण तपासा’ हे वाक्य वाचणाऱ्या विकसकाने चाचणीसाठी किती वेळ द्यावा? जे घडत नाही त्याची तालीम कोणी करीत नाही. २०२४ मध्ये कर्नल विकसकांत हा विषय पुन्हा निघाला, तेव्हा लहान मागण्या न फसण्याचा नियम अधिकृतच करून अपयशाचा निरुपयोगी कोड कमी करावा, अशीही सूचना झाली. तिच्यात एक रोखठोकपणा आहे. परंतु लॉक धरून अनंतकाळ थांबणाऱ्याचे काय, या प्रश्नाला तीही उत्तर देत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे आपल्याकडील काम मुख्यतः लिपीच्या पातळीवर झाले. एनसीएसटीने, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईच्या पूर्वसंस्थेने, ‘इंडिक्स’द्वारे लिनक्सवर भारतीय लिप्या आणल्या, आणि त्याचे महत्त्व वादातीत आहे. कर्नलच्या गाभ्याशी झुंजणारे काम त्या मानाने थोडे. पुण्यातून अमित काळे यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत सांभाळलेला ‘केजीडीबी’ हा कर्नल डीबगर ठळकपणे आठवतो; तो २००८ च्या २.६.२६ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाला. अडकलेल्या यंत्रात आत डोकावून कोण कोणाची वाट पाहत आहे हे पाहण्याची सोय, हेच त्या साधनाचे प्रयोजन.

महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला बसलेल्या पदवीधराला हा सर्व वाद एका ओळीच्या रूपाने भेटतो. अमुक प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेली आहे, असे कर्नल नोंदवतो. त्या ओळीखाली कार्यांची उतरंड छापलेली असते. तिच्यात मेमरी-वाटपाचे नाव वर आणि फाइल सिस्टीमचे नाव खाली दिसले, तर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी ती उतरंड जपून ठेवावी आणि लॉक कोणाच्या हातात आहे ते शोधावे, हे त्याला प्रयोगशाळेत शिकवलेले असायला हवे. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. कार्यप्रणालीच्या प्रात्यक्षिकात मेमरी-अपयश घडवणारी कर्नलचीच सोय आभासी यंत्रावर चालू करून एक्स्ट ४ चा एखादा लहान खंड वापरायला दिला, तर दोन तासांच्या तासिकेत विद्यार्थ्याला बाख यांच्या त्या दोन याद्यांमधला फरक डोळ्यांनी पाहता येतो.